दोन मडकी पाणी

दिवाळी सरली की आमच्या रस्त्याला ऊसतोडीच्या गाड्या लागतात. आता ट्रॅक्टर असतात. मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत माणसं, शेळ्या, पत्र्याच्या पेट्या, आणि मोठ्यानं लावलेली गाणी. त्यांचा आवाज आला की मी ओट्यावर येऊन बसतो. यंदाही बसलो होतो, तर त्याच रस्त्यानं माझा धाकटा लेक दत्ता एक घर घेऊन आला. घराला चाकं होती.

कॅरव्हॅन म्हणतात म्हणे. दत्ता पुण्याला कंपनीत आहे, तिकडूनच त्यानं ती आठ दिवसांसाठी भाड्यानं आणली. आत झोपायला फळ्या, गॅसची शेगडी, भांडी घासायला मोरी, आणि खाली पाण्याची टाकी. "आबा, समद्यांनी मिळून कोकणात जाऊ. हिराक्का पण येतीय. तुमाला जरा बरं वाटंल," दत्ता म्हणाला. हिरा माझी थोरली लेक, साठीला आलीय, शेवगावला दिलेली. आषाढात तिची आई गेली. तेव्हापासून मला बरं वाटावं म्हणून जो तो मागं लागलाय. मला बरं वाटत नाही, आणि ते मी तोंडावर सांगतो, म्हणून मी चिडका.

पण निघायच्या तयारीच्या दोन दिवसांत चिडायला कारणंही कमी नव्हती. सुनेनं कागदावर यादी केली, मग यादीच हरवली. ती शोधण्यात सकाळ गेली. प्लास्टिकचे डबे, चार्जर, मच्छरदाणी, माझ्या गोळ्या, माझा मफलर, त्याच्यावर तांदूळ, त्याच्यावर चपला. जड सगळं मागच्या अंगाला. मी म्हटलं, "ओझं मागं झालं की गाडी उलाळ होती. जू वर उचलतं अन् बैलाचा गळा आवळतो."

"आबा, हिला बैल न्हाईत," सून म्हणाली.

"बैल नसलं म्हणून ओझं हलकं होतं का?"

ती हसली आणि चपलांवर आणखी एक बॅग टाकली. माझं ऐकायला आता घरात कोणी नाही. तसं आधीही फार ऐकत होतं असं नाही, पण न ऐकणारं माणूस हक्काचं होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे निघायच्या आदल्या दुपारी, दत्तानं मोटर चालू करून नळी टाकीत सोडली आणि फोनवर बोलत बांधाकडं गेला. टाकी भरली. वरून वाहायला लागली. पाणी गाडीच्या अंगावरून उतरून चाकापाशी आलं आणि चाकाभोवती त्याचं तळं झालं. रबरी चाक आणि त्याच्याभोवती तळं. मी ओट्यावरनं बघत होतो.  मग एकदम तोंड सुटलं आणि जे काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दत्ता धावत आला, मोटर बंद केली.

"आबा, पाणीच सांडलंय. एवढं काय?"

त्याला काय सांगणार. तो तेव्हा जन्मलाही नव्हता.

लोक बहात्तरचा दुष्काळ सांगतात. आमच्या अंगाला, शेवगावच्या पूर्वेला, तो वर्षभर आधीच येऊन बसला होता. मृगानं तोंड दाखवलं आणि गेला. बाजरी गुडघ्याएवढी झाली आणि तिथंच वाळली. दसऱ्याला आपट्याची पानं वाटली तर त्यांचाही चुरा हातात आला. मग वस्तीवरच्या सात घरांनी ठरवलं की यंदा श्रीगोंद्याकडं ऊस तोडायला जायचं. तिकडं पाटाचं पाणी होतं, ऊस होता. सात बैलगाड्या, एका रांगेत, चार दिवसांची वाट. सहा महिने तिकडंच राहायचं. मी पंचवीस-सव्वीसचा होतो, हिरा सहा वर्षांची. आम्ही पहिल्यांदाच निघालो होतो, आणि पहिल्यांदा निघणाऱ्याला सगळं येतं, तसं मलाही येत होतं.

गाडीच म्हणजे घर. साटीवर, म्हणजे गाडीच्या फळ्यांवर, बांबूच्या कांबी वाकवून बांधायच्या, वर गोणपाट शिवायचं, खाली ज्वारीचं पोतं, पाटा-वरवंटा, जातं, अंथरुणं. मागं शेळी बांधायची, खाली डालग्यात दोन कोंबड्या टांगायच्या. हिराच्या आईनं यादी केली नव्हती. तिला अक्षर येत नव्हतं. पण काय कुठं ठेवलंय ते तिला डोळे झाकून सापडायचं. मी जातं पुढं ठेवलं की ती काही न बोलता ते वीतभर मागं सरकवायची, आणि मी तिथून गेलो की गाडी बरोबर तोललेली असायची. याचाही मला राग यायचा.

तिचं नाव पारूबाई. साठ वर्षं संसार केला आणि नाव मी चार-पाच वेळा घेतलं असेल, तेही दवाखान्यात, नोंदीच्या खिडकीवर.

सगळं झालं, पण चाकं अडली. लाकडाचं चाक पावसाळ्यात पाणी पितं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. त्या वर्षी पावसाळा झालाच नाही. चाकं आक्रसलेलीच राहिली आणि वरची लोखंडी पट्टी, धाव म्हणतात तिला, ती ढिली झाली. गाडी हलवली की धाव खुळखुळायची. एरवी काय करतात, तर चाकं काढून ओढ्याच्या डोहात टाकतात. दोन दिवसांत लाकूड फुगतं, धाव गच्च बसते. त्या साली डोहात पोरं विटीदांडू खेळत होती.

गंगाराम सुतार आला. चाकाला टिचकी मारून म्हणाला, "पानी पाहिजे."

"पानी असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

"मग धावंखाली पाचरी मार. बाभळीच्या देतो तासून. चार-सहा जवळ ठिव, वाटंत लागत्याल."

त्यानं बसून पाचरी तासल्या. मी त्या उचलून कुंपणाकडं फेकल्या. तात्पुरतं काम मला नको होतं. माझी गाडी सातांत चांगली दिसली पाहिजे होती. गंगाराम म्हणाला, "दिसायचं काय घिऊन बसला. लगीन हाय का गाडीचं?" आणि हत्यारं गोळा करून गेला.

त्या वेळी पाटलाच्या विहिरीत तळाशी पाणी पाझरत होतं. बाया पायऱ्यांनी खाली उतरायच्या, कपारीपाशी बसायच्या आणि वाटीनं हंडा भरायच्या. एक हंडा भरायला अर्धा पहर. हिराची आई पहाटे जायची आणि ऊन चढल्यावर यायची. त्यातलं पिण्याचं, बैलांचं, शेळीचं काढून जे उरेल ते ती दोन मडक्यांत साठवत होती. वर फडकं बांधलेलं. चार दिवस साठवत होती. मी विचारलं नाही कशाला, आणि खरं तर विचारायची गरज नव्हती. मला माहीत होतं.

तिला घर सारवायचं होतं. सहा महिन्यांसाठी कुलूप लावायचं तर घर सारवून लावायचं, ही तिच्या आईकडची रीत. सारवल्याशिवाय घर सोडायचं म्हणजे टाकून दिल्यासारखं, असं ती म्हणायची. मला ते बायकांचं वाटायचं. पण तिला सारवताना मी कितीदा पाहिलं होतं. शेण आणि पांढरी माती कालवायची, हात बुडवायचा, आणि जमिनीवरून अर्धा गोल असा ओढायचा की हाताची चार बोटं त्यात उमटत. एका गोलाला दुसरा गोल. मागं मागं सरकत ती उंबऱ्यापर्यंत यायची आणि मग तिथं उभं राहून आत बघायची. तेवढ्या वेळात तिला हाक मारली तर ऐकू यायचं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ती माती आणायला टेकाडावर गेली. मी मडक्यांवरची फडकी सोडली. चाकांना जुनी पोती गुंडाळली आणि दोन्ही मडकी त्यांच्यावर ओतली. एकदम. सगळी. पाणी पोत्यात शिरलं, लाकडानं जरा प्यालं, बाकी खाली मातीत गेलं. माती काळी झाली आणि बघता बघता पुन्हा पांढरी झाली. मी धाव हलवून पाहिली. जरा घट्ट वाटली. मला बरं वाटलं. मी खोटं का सांगू, फार बरं वाटलं.

ती आली. डोक्यावर मातीची पाटी. आधी तिला ओली पोती दिसली, मग फडकी.

"मडक्यातलं पानी?"

"चाकाला घातलं."

"समदं?"

"समदं. वाटंत धाव निघाली तर काय करशील? डोक्यावर घिऊन चालशील गाडी?"

तिनं पाटी खाली ठेवली. सावकाश ठेवली, आपटली नाही. म्हणाली, "मंग घर तसंच टाकून जायचं."

मी म्हटलं, "घराला कुठं जायचंय? जायचंय ते चाकाला."

शेजारच्या गाडीवर माझा चुलतभाऊ दोर आवळत होता, तो हसला. तो हसला म्हणून मीही हसलो. त्या हसण्याचं मला अजून वाईट वाटतं. पाण्याचं नाही एवढं.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

सकाळी कुलूप लावायला मी दाराशी गेलो, तर उंबऱ्याच्या आत हातभर जागा सारवलेली होती. ओली होती. तिनं आपल्या वाटणीचं पिण्याचं पाणी तांब्याभर काढून तेवढंच सारवलं होतं. मी पाय चुकवून उभा राहिलो, कुलूप लावलं, किल्ली तिच्यापुढं केली. तिनं ती हिराला घ्यायला लावली.

सात गाड्या निघाल्या. माझी तिसरी. मी पुढं जुवापाशी, ती आत, मधी ज्वारीच्या पोत्यावर हिरा. आमचा सगळा कारभार तिच्यामार्फत.

"हिरे, तुझ्या बापाला सांग, डावं चाक कुरकुरतंय."

"आबा, आई म्हणती डावं चाक कुरकुरतंय."

"तिला सांग, मला कान हायती."

"आई, आबाला कान हायती."

"त्याला सांग, मग ऐकत का न्हाई."

मागच्या गाडीत माझी चुलती होती, तुळसाकाकू. ती तिथनं ओरडायची, "काय गं हिरे, पोष्टात लागलीस का?" सगळी रांग हसायची. हिराला वाटायचं तिचं कौतुक चाललंय. ती आणखी मोठ्यानं निरोप द्यायला लागली. मी भाकर मागितली तर सात गाड्यांना कळायचं.

दोन दिवस ऊन असं की रस्त्यावरचा फुफाटा पायाला भाजायचा. चाकांनी जे पाणी प्यालं होतं ते उन्हानं परत घेतलं. ओली पोती केव्हाच कोरडी झाली होती. मला ऐकू येत होतं, धाव पुन्हा खुळखुळतेय ते, पण मी बैलांना हाका घालत होतो, मोठमोठ्यानं, म्हणजे दुसऱ्या कुणाला ऐकू येऊ नये. करंजीचा घाट उतरलो आणि डाव्या चाकाची धाव सरळ निघून रस्त्याच्या कडेला जाऊन पडली. खण्ण असा आवाज झाला. पुढच्या गाड्या थांबल्या, मागच्या थांबल्या. टोळीचा मुकादम शिव्या देत आला. सहा घरांची माणसं उतरून माझ्या चाकाकडं बघत उभी. मी धाव उचलून आणली, दगडानं ठोकून बसवली. ती पुन्हा निघाली. पुन्हा बसवली. पुन्हा निघाली.

तेव्हा हिरा गाडीतनं उतरली. तिनं फ्रॉकाचा ओचा धरला होता. "आबा, आई म्हणती हे घ्या."

ओच्यात बाभळीच्या सहा पाचरी होत्या. गंगारामनं तासलेल्या, मी फेकलेल्या. कुंपणात हात घालून हिराच्या आईनं त्या वेचल्या होत्या आणि अंथरुणा-पांघरुणात कुठंतरी बांधून आणल्या होत्या. तिच्या मनगटावर ओरखडे होते, ते मी दोन दिवस बघत होतो आणि विचारत नव्हतो.

पाचरी मारल्या. धाव बसली. श्रीगोंद्यापर्यंत हलली नाही.

म्हणजे पाणी वायाच गेलं होतं. पोत्याला ते थोडं थोडं शिंपडत राहायला पाहिजे होतं, वाटेनं सुद्धा. एकदम ओतलेलं लाकूड पीत नाही, हे गंगारामनं मला पुढं सांगितलं. मी त्याला म्हटलं, आधी सांगायचं. तो म्हणाला, आधी तू विचारलं नव्हतं.

श्रीगोंद्याला पाटाच्या कडेला आमच्या कोपी पडल्या. पाटात कमरेएवढं पाणी वाहत होतं. कुणी विचारत नव्हतं त्याला. मी चाकं काढून पाटात ठेवली. हिराची आई काठावर बसून पाण्याकडं बघत राहिली. मग उठली, काठचा चिखल घेतला, बैलांचं शेण घेतलं आणि कोपीपुढची जागा सारवली. उसाच्या पाचटाची कोप, वारा आला की हलणारी, तिच्यापुढं एवढीशी सारवलेली जागा. शेजारच्या बाया हसल्या, म्हणाल्या, "इथं कोन पावना येनार हाय?" ती म्हणाली, "मी आलीय की."

अकराव्या दिवशी ती माझ्याशी बोलली. मी उसाची मोळी टाकून आलो होतो. ती म्हणाली, "मीठ संपलंय." मी मीठ आणायला गेलो. तेवढ्यावर सगळं परत सुरू झालं. भांडण मिटलं असं कुणी म्हणेल. मी म्हणत नाही. मी कधी म्हणालोच नाही की चुकलो. आणि तिनं ते कधी काढलं नाही. काढलं असतं तर मी उलट बोललो असतो आणि बोलता बोलता कधीतरी तोंडातनं निघूनही गेलं असतं. तिनं संधीच दिली नाही.

वैशाखात परत आलो. कुलूप काढलं. आत सगळी जमीन फुटली होती, पापडासारखे पोपडे निघाले होते. उंबऱ्याच्या आतली हातभर जागा मात्र जशीच्या तशी. तिची चार बोटं त्यात दिसत होती. ती तिथं वाकली, बोटांवर बोटं ठेवून पाहिली, आणि झाडू घ्यायला गेली.

पुढं सात-आठ वर्षं आम्ही गेलो. दरवर्षी आधी घर सारवलं जायचं, मग मी चाकाला हात लावायचा. कुणी ठरवलं नव्हतं. मग आमच्या विहिरीला पाणी लागलं, जाणं बंद झालं. दत्तानं शेजारी स्लॅबचं घर बांधलं, फरशी आली. पण जुन्या घराची उंबऱ्याकडची एक खोली तिनं पाडू दिली नाही. मातीचीच ठेवली. दर सोमवारी सारवायची, गुडघे दुखायला लागले तरी. आषाढापासून त्या खोलीला कुणाचा हात लागलेला नाही. मी दार उघडत नाही. दत्ता म्हणाला, कोकणातनं आलो की तिथं पण फरशी टाकून घेऊ. 

निघायच्या सकाळी सगळे गाडीत बसले होते. हिरा आदल्या दिवशीच आली होती. मफलर सापडला होता. यादी पण सापडली, सगळं भरल्यावर. दत्तानं गाडी सुरू केली. मी जुन्या खोलीला कुलूप आहे का बघायला गेलो, आणि कुलूप ओढून बघताना माझ्या ध्यानात आलं की दोन दिवस मी कशावर चिडतोय. सुनेवर नाही, गाडीवर नाही. मी परत तेच करत होतो. घर तसंच टाकून निघालो होतो, तेही टाकी भरभरून पाणी असताना.

मी सुनेला पाण्याची बादली मागितली.

"आत्ता, आबा? कशाला?"

"दे."

गोठ्यातनं शेण आणलं. हिराच्या आईनं कोपऱ्यात गाडग्यात भिजवून ठेवलेली पांढरी माती तिथंच होती, कडक झालेली. ती फोडली, कालवली. दत्ता गाडी बंद करून आला, दारातून बघून परत गेला. बाप्यामाणसानं सारवलेलं आमच्याकडं कुणी पाहिलेलं नाही. मी गुडघे टेकले आणि उंबऱ्यापासून सुरुवात केली, कारण तिची ती हातभर जागा तिथंच होती. हात ओढला. गोल आला नाही, वेडंवाकडं काहीतरी आलं. दुसरा ओढला. पाठ भरून आली. तरी ओढत राहिलो, पुढं पुढं, भिंतीपर्यंत. सगळी खोली झाली. चाळीस वेळा थांबलो असेन, पण झाली.

दारात हिरा उभी होती. केव्हा आली कळलं नाही.

मी म्हटलं, "हिरे, तुझ्या आईला सांग, घर सारवलंय म्हनावं."

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. मग तिनं पदर काढला आणि सहा वर्षांची असताना बोलायची तशी, सात गाड्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली.

"आबा, आई म्हनती, दारापासनं सुरू करतं व्हय कुनी? आता भाईर कसं येनार?"

मी मागं बघितलं. पाठीला भिंत होती. माझ्यात आणि दारात सगळं ओलं. पाय ठेवायला जागा नव्हती.

"मग काय करू, इचार तिला."

"वाळंस्तवर तिथंच बसा म्हनती."

बाहेर दत्ता विचारत होता, किती वेळ लागंल. हिरानं त्याला सांगितलं, लागंल तेवढा. मी भिंतीला टेकून खाली बसलो.